वाटाण्याच्या वाफ्यात कोबी

माती चवीला कशी असते हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या सल्ल्यावरून मी ती चाखली, आणि तीही ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टात, आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उकिडवं बसून. खिडकीत बायको उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या जिभेकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. माणसाची अब्रू जायचे पुष्कळ प्रकार आहेत, पण हा प्रकार मी अजून दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ऐकलेला नाही.

बागकामाची हौस मला कधीच नव्हती, हे आधी सांगून टाकतो. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कोणाचं काय जळलं, काय फुटलं, काय चोरीला गेलं ते वाचायचं आणि शंका काढायच्या, हा माझा धंदा. झाडांशी माझा संबंध म्हणजे ती लोकांच्या गाड्यांवर पडतात तेवढाच. तरी मी घरामागच्या ओसाड पट्ट्यात वाफा करायला निघालो, याचं कारण बाग नव्हतं. कारण होतं बाळ.

थंडी संपता संपता आमच्याकडे बाळ यायचं होतं. ते सातव्या महिन्यात पोटातच गेलं. हे वाक्य मी आत्ता सरळ लिहिलं खरं, पण त्या दिवसांत आमच्या घरात ते कोणीच कोणाशी बोललं नव्हतं. डॉक्टर जे बोलले ते डॉक्टरी भाषेत. नातेवाईक आले, ‘जे झालं ते झालं’ म्हणाले आणि चहा पिऊन गेले. बायको वाचनालयात नोकरीला आहे, तिला रजा मिळाली. ती दिवसभर स्वयंपाकघरात बसायची आणि स्वयंपाक मात्र बहुतेक मीच करायचो. आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, की बाळाला यायला उशीर होतोय.

आमच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. ती एका जागी बसत नाही आणि स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढून नेते, म्हणून. मुंगीनं उशिराची गोष्ट लगेच मान्य केली. तिच्या शाळेच्या गाडीला उशीर होतो, तिच्या बापाला तर रोजच होतो. मग बाळालाही झाला तर नवल काय? फक्त ती रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, “आलं?” मी म्हणायचो, “अजून नाही.” बायको उठून आतल्या खोलीत जायची. मग मुंगी हातपाय धुऊन खायला बसायची. हे रोज चालायचं. दुसऱ्याच्या दाव्यातलं खोटं मी दुसऱ्या ओळीत पकडतो, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे.

एक दिवस शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. मी त्यांच्यासमोर, पाच वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाई म्हणाल्या, मुंगीनं सगळ्या वर्गाला सांगितलंय की आमचं बाळ बॅग भरतंय म्हणून उशीर होतोय. तिनं तिचे अर्धे खडू बाळासाठी बाजूला काढून ठेवलेत आणि कोणाला हात लावू देत नाही. बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तिला खरं काय ते सांगा. दोन, तिला घरी कशात तरी गुंतवा, मातीत खेळू द्या, काहीतरी पेरू द्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला दोन वाक्यांचा मिळाला आणि त्यातलं सोपं तेवढं मी उचललं.

आमचं घर तळमजल्यावर आहे. मागच्या दाराबाहेर एक पट्टा आहे, त्यात जुने पाइप, एक पाय मोडलेली खुर्ची आणि कोणाचीच नसलेली विटांची रास. झाडांना नुकती पालवी फुटायला लागली होती, सकाळी गार आणि दुपारी ऊबदार अशी हवा होती. जागा आमच्या दारामागे असली तरी मालकी इमारतीची, आणि इमारत म्हणजे सेक्रेटरी. आमचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. इमारतीचा कारभार ते आपल्या दवाखान्यातूनच पाहतात, आणि गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्चीत आडवं करतात.

मी “मागची जागा...” एवढं म्हणेपर्यंत त्यांनी “आ करा” म्हटलं. मी केला. मग त्यांनी माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि एक नळी घालून नियम सांगायला सुरुवात केली. झाड गुडघ्याच्या वर जाता कामा नये. माती जिन्यात येता कामा नये. फळं आली तर ती सर्व रहिवाशांची. फळं आली नाहीत तर जबाबदारी माझी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मला ठाऊक होती, तोंड उघडून बुक्क्यांचा मार त्या दिवशी कळला. मध्येच त्यांनी हात थांबवला आणि हळूच विचारलं, “वहिनी कशा आहेत?” तोंडात एवढा कारखाना असताना मी काय सांगणार? मी नुसतं “आँ” म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काम सुरू केलं. त्या महिन्याभरात ‘कसं काय’ या प्रश्नाला मी दिलेलं ते एकच खरं उत्तर असावं.

त्यांनी मला वाटाण्याच्या अक्षता लावल्या नाहीत. परवानगी दिली, आणि वर एक दाढ भरून दिली. दाढ आधी दुखत नव्हती. त्या दिवसापासून दुखायला लागली.

सुट्टीच्या दिवशी मी कुदळ उसनी आणली आणि मुंगीला विटांच्या राशीवर बसवून खणायला घेतलं. पहिल्या दोन घावांत माती निघाली. तिसरा घाव खण्णकन वाजला. खाली लोखंडी झाकण होतं, चांगलं परातीएवढं. वरच्या गॅलरीतून काका म्हणाले, “हात लावू नका, स्फोट होईल.” हे काका हयातभर हवामान खात्यात होते. त्यांनी सांगितलेला पाऊस कधी पडला नाही आणि न सांगितलेला चुकला नाही, पण त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास कमी झालेला नाही. स्फोटाच्या भीतीनं मी सोमवारी अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेलो.

तिथे पाणीवाल्यांनी सांगितलं की हे झाकण सांडपाण्याचं. सांडपाणीवाले म्हणाले, आमची झाकणं गोल असतात. मी म्हटलं, हेही गोलच आहे. ते म्हणाले, मग ते पाणीवाल्यांचं असेल, ते आमची नक्कल करतात. शेवटी एका खिडकीतल्या बाईंनी माझी दया येऊन अर्ज लिहून घ्यायला घेतला. जागा कुठे, खणण्याचं कारण काय, हे सगळं झालं, मग त्यांनी मान वर न करता विचारलं, “घरात माणसं किती?”

झाकणाचा आणि माणसांचा काय संबंध, हे मी विचारायला हवं होतं. पण माझ्या तोंडून ‘चा’ एवढं गेलं आणि मी थांबलो. त्यांनी चार लिहिलं. मी म्हटलं, तीन. त्यांनी वर पाहिलं. घरातली माणसं किती हे न ठरवता लोक अर्ज करायला कसे येतात, असं काहीतरी त्या पुटपुटल्या, आणि खाडाखोड चालत नाही म्हणून मला नवा कागद देऊन रांगेच्या शेवटी पाठवलं. पुन्हा माझी पाळी आली तेव्हा मी न अडखळता तीन म्हणालो. न अडखळता म्हणालो याचं मला बाहेर आल्यावर इतकं वाईट वाटलं, की मी पायऱ्यांवर थोडा वेळ बसून राहिलो.

यथावकाश दोन माणसं आली. त्यांनी पहारीनं झाकण उघडलं. आत आणखी एक झाकण होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वरचं झाकण परत लावलं. हे आमचं नाही, असं त्यांनी सांगितलं, पण याच्यावर काही लावू नका, कारण ते कोणाचं तरी असणार. म्हणून वाफा सरकला आणि सरकत सरकत बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आला. यात माझी काही योजना नव्हती. तरी मला आतून जरा बरं वाटलं, कारण त्या खिडकीत बायको बसायची. खिडकीपलीकडे काही हिरवं उगवलं, मुंगी तिथे बडबडत बसली, तर कदाचित ती एखाद्या दिवशी मागचं दार उघडून बाहेर येईल, असं मी मनात धरलं. झाडं लावायची, म्हणजे मुंगी ‘आलं?’ विचारायची विसरेल आणि तिची आई उठेल. कुठलाही दावा मी इतक्या तकलादू आधारावर मंजूर केला नसता.

मातीची चव त्यानंतरची. काका म्हणाले, पेरण्याआधी माती चाखायची असते. आंबट लागली तर चुना घालायचा, गोड लागली तर काही करायचं नाही. मी वर ओरडून सांगितलं, खारट लागतेय. काका म्हणाले, तो तुमच्या हाताचा घाम, हात धुऊन पुन्हा घ्या. पडदा ओढला गेला तो या दुसऱ्या घासाच्या वेळी.

काय पेरायचं हे मुंगीनं ठरवलं. वाटाणे. कारण पुड्यावरच्या चित्रात एका शेंगेत पुष्कळ दाणे शेजारी शेजारी बसले होते आणि ते तिला आवडलं. आम्ही वाटाणे भिजवले, तिनं बोटानं खड्डे केले, एकेक दाणा आत ठेवला आणि वरून माती थोपटली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी तिनं चमच्यानं सगळे उकरून पाहिले.

मी म्हटलं, असं करायचं नसतं. ती म्हणाली, “ते बरे आहेत का ते बघायला नको?” तिनं प्रत्येक दाणा तळहातावर घेऊन पाहिला, “झोपलेत” असं जाहीर केलं आणि परत पुरला. संध्याकाळी पुन्हा तेच. काका वरून ओरडले, मुळं तुटतील. मी समजावलं, धाक दाखवला, चमचा लपवला. तिनं दुसरा चमचा आणला. आमच्या घरातून त्या आठवड्यात एवढे चमचे मातीत गेले की मी आमटी वाढायच्या पळीनं चहात साखर ढवळत होतो.

एका संध्याकाळी एका दाण्यातून पांढरा कोंब बाहेर आलेला दिसला. मुंगी तो घेऊन खिडकीकडे धावली, टाचा उंच करून तिनं हात गजांपर्यंत नेला. “आई, याला शेपूट आलंय.” पडदा सरकला. बायकोनं वाकून त्या दाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “लाव परत बाई त्याला. गारठेल तो.” तिच्या तोंडून कित्येक दिवसांत निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. मी पाइपाच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले आणि काकांनी वरून विचारलं, काय हो, मिरगी आली का?

पण रोज उकरलेला वाटाणा किती दिवस धीर धरणार? शेपट्या तुटल्या. दाणे काळे पडले, बुळबुळीत झाले. मी मुंगीच्या नकळत दोन-तीन उकरून पाहिले आणि मला कळलं की या वाफ्यातून काही यायचं नाही. मुंगीला ते कळलं नव्हतं. ती मातीशी वाकून बसली होती. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, “बाबा, यांना पण उशीर होतोय का?”

त्या ‘पण’नं माझी पाचावर धारण बसली. खिडकी उघडी होती. आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. मी म्हटलं, होतोय थोडा, पण येतील हं, उद्यापर्यंत नक्की येतील. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एवढं बोलल्यावर ‘उद्या’ ही गोष्ट मला कुठून तरी आणणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी मुंगीला शाळेच्या गाडीत बसवून मी थेट रोपवाटिकेत गेलो. वाटाण्याची रोपं मागितली. रोपवाला म्हणाला, वाटाण्याची रोपं कोणी विकत नाही, वाटाणा पेरायचा असतो. मी त्याला म्हटलं, पेरून झालाय, आता उगवलेला हवाय. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, असं गिऱ्हाईक रोज येत नसावं, आणि कोबीची रोपं पुढे केली. लहानपणी सगळी सारखीच दिसतात म्हणाला. मी विचारलं, मुलांना कळेल का? तो म्हणाला, मोठ्यांनाही कळत नाही. मला हे पटलं, कारण मला खरंच कळत नव्हतं. घरी येऊन मी चोरासारखा मागच्या बाजूनं शिरलो, मुंगीच्या ओळीत कोबी लावला, पाणी घातलं, हात धुतले आणि ऑफिसला गेलो. त्या दिवशी एका माणसानं भिजलेल्या गालिच्याचा दावा केला होता. मी तो शंका न काढता मंजूर केला.

संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर निघून मुंगीला स्वतः शाळेतून घेतलं आणि मुद्दाम मागच्या बाजूनं आलो. लांबूनच म्हटलं, “मुंगे, बघ बरं काय आलंय.” मुंगी धावली. मी तिच्या मागून गेलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

माझा कोबी होता, ओळीत. पण कोबीच्या मधेमधे मिरचीची रोपं उभी होती, आणि त्यातल्या एकाला चांगल्या लालभडक मिरच्या लटकत होत्या. ती रोपं मी ओळखली, काकांच्या गॅलरीतल्या डब्यांत ती वर्षानुवर्षं असायची. आणि ओळीच्या टोकाला रुंद पानांचं, तेल लावल्यासारखं चकाकणारं एक झाड होतं. ते माझ्या गुडघ्याच्या वर जात होतं. त्याच्या बुंध्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी होती: ‘कृपया हात लावू नये’. दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकड्याशेजारी ते झाड मी पाहिलेलं होतं. वाटाण्यांना उशीर होतोय ही बातमी मुंगीनं जिन्यात काकांना आणि फाटकापाशी डॉक्टरांना दिली असणार. आणि तीन कर्तेसवरते पुरुष एकाच दिवशी, एकमेकांना न कळवता, एकाच वाफ्यात आपापलं शहाणपण लावून गेले होते.

मुंगीनं काही आरडाओरडा केला नाही. तिनं रुंद पान दोन बोटांत धरलं, चुरगळलं, सोडलं. पान पुन्हा सरळ झालं. “हे प्लॅस्टिकचं आहे,” ती म्हणाली. मग तिनं लाल मिरचीकडे पाहिलं. वरून काकांनी घाईघाईनं खुलासा केला, की हवेत दमटपणा वाढला की वाटाण्याला कधीकधी मिरच्या लागतात. मुंगीनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. काका गॅलरीत एक पाऊल मागे सरकले. मग तिनं कोबीच्या मुळाशी बोट घातलं, आणि तिथून आपला काळा पडलेला वाटाणा बरोबर काढून तळहातावर ठेवला.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. आधी मला वाटलं बायकोला ठसका लागला. पण ती हसत होती. गजांना धरून, पोट धरून, तोंडावर पदर घेऊन हसत होती. बऱ्याच वेळानं तिला बोलता आलं. तिनं सगळं पाहिलं होतं. आधी तू आलास, म्हणाली, गुडघ्यावर बसून मातीला काय काय समजावत होतास. मग काका आले, चपला हातात घेऊन, चवड्यांवर. आणि मग डॉक्टर, अंगात पांढरा कोट, ते झाड पोटाशी कवटाळून, दर दोन पावलांना इकडेतिकडे बघत. प्लॅस्टिकला त्यांनी पाणीपण घातलं रे, म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

मागचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. थंडी पडल्यापासून ती त्या दारातून बाहेर आलेली नव्हती. अनवाणीच आली. वाफ्याच्या कडेला विटांवर बसली आणि हसता हसता तिचं हसणं कधी संपलं ते मला कळलंच नाही. तिचे खांदे तसेच हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी पुढे झालो, तर तिनं हातानंच थांब म्हटलं. मी थांबलो. माझ्या हातात मुंगीचं दप्तर होतं, ते कुठे ठेवावं हे मला कळेना.

मुंगी आईजवळ गेली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मूठ उघडून तिनं वाटाणा मला दाखवला.

“हे मेलेत ना?”

मी म्हटलं, हो.

“म्हणून तुम्ही दुसरं आणून लावलं?”

मी मान हलवली.

“आणि मला सांगितलं नाही.” तिच्या कपाळावर तिच्या आईसारखी आठी पडली. “मग बाळ आलं नाही तर तुम्ही दुसरं बाळ आणून ठेवणार? आणि मला म्हणणार हेच ते?”

मी विमा कंपनीत वीस वर्षं काढली आहेत. प्रश्नाला प्रश्न, शंकेला शंका, अटीला पोटअट, हे सगळं मला येतं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की ती घाबरलेली आहे. एवढ्या दिवसांत मी समजत होतो ती वाट बघतेय, आणि ती तर घाबरायला लागली होती. वर काकांच्या गॅलरीचं दार हलकेच लागल्याचा आवाज आला.

“मुंगे, इकडे ये,” बायको म्हणाली. मुंगी गेली. बायकोनं तिला मांडीवर घेतलं नाही, समोर उभं केलं आणि तिचे मातीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“बाळ येणार नाहीये. त्याला उशीर नाही झाला. ते गेलं. माझ्या पोटातच होतं तेव्हा गेलं. आम्ही तुला खोटं सांगितलं, कारण आम्हालाच म्हणवत नव्हतं.”

“वाटाण्यासारखं? मी सारखी तुझ्या पोटाला हात लावायची म्हणून?”

बायकोचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. हे तिच्या डोक्यात कधीपासून होतं कोणास ठाऊक. काकांनी मुळं तुटतील म्हटल्यापासून, की त्याच्याही आधीपासून?

“नाही गं राणी,” बायको म्हणाली. “तू हात लावलास की ते पोटात लाथ मारायचं. त्याला आवडायचं ते. तुझ्यामुळे काही झालं नाही. कोणामुळेच झालं नाही.”

मुंगीनं हे नीट ऐकून घेतलं. मग ती रडली. खूप रडली, पाय आपटत, मोठ्यानं, नाक गाळत, जसं लहान मुलानं रडायला पाहिजे तसं. मी दप्तर खाली टाकलं आणि त्या दोघींच्या शेजारी मातीतच बसलो. ऑफिसची पॅंट होती, पण आता तिचं काय राहिलं होतं? आम्ही तिघंही रडलो. आम्ही तिघं एकत्र रडलो ती पहिलीच वेळ. इतके दिवस आम्ही पाळी लावल्यासारखे वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो.

सूर्य इमारतीच्या मागे गेला, गारवा पडायला लागला. मुंगीचे हुंदके कमी झाले. आईच्या पदराला नाक पुसून तिनं विचारलं, “ते बाळ भाऊ होतं की बहीण?”

“बहीण.”

हे मला माहीत होतं. पण मोठ्यानं म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं.

“मग मी ताई झाले की नाही झाले?”

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या जागी मी असतो तर ‘तसं बघितलं तर’ अशी सुरुवात केली असती.

“झालीस,” बायको म्हणाली. “तू ताई आहेस.”

मुंगीनं मान डोलावली. ती जरा ताठ बसली. “मग तिला हाक काय मारायची?”

मी तोंड उघडलं, सांगणार होतो, की बाळाचं नाव ठेवायचं राहून गेलं. त्याआधीच बायकोनं एक नाव सांगितलं. हळू, पण स्पष्ट. ते तिनं कधी ठेवलं होतं, हॉस्पिटलात की त्या खिडकीत बसून, मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस ती एकटीच त्या नावाला मनातल्या मनात हाक मारत होती आणि मी बाहेर झाकणं उघडत फिरत होतो. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आमच्या घरातलं आहे.

मुंगीनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, जीभ बसते का ते बघत. मग माझ्या बाहीला ओढून म्हणाली, “बाबा, तू पण म्हण.”

मी म्हटलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, नुसती हवा आली. मुंगीनं मला एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि मी तिच्या मागून माझ्या धाकट्या मुलीचं नाव म्हटलं.